दांडा वर होता

उंद्रीच्या अलीकडे डांबरी सोडून एक कच्चा रस्ता नाल्यात उतरतो. प्रसेनजितने सर्व्हिसची व्हॅन तिथल्या बाभळीखाली लावली, दार उघडलं आणि लगेच पुन्हा ओढून घेतलं. वास नाकात थांबत नव्हता, थेट पोटात उतरत होता. गावाचं सगळं सांडपाणी त्या नाल्याला येत होतं. उन्हाने आटून त्याचा हिरवट-काळा राबडा झाला होता आणि त्यात कुणीतरी मेलेलं डुक्कर आणून टाकलं होतं. फुगून त्याचे पाय आभाळाकडे झाले होते. या घाणीच्या मधोमध एक पिवळी पोकलेन बकेट जमिनीला टेकवून उभी होती.

प्रसेनजित डोणगावचा. चिखलीच्या एका सर्व्हिस सेंटरवर मिस्त्री होता आणि बुलढाणा जिल्ह्यात कुठेही पोकलेन बंद पडली की तोच जायचा. जळकं तेल, डिझेल, घाम, चिखल हे त्याच्या अंगाला सरावाचं होतं. तरीही आज रुमाल नाकाला बांधूनच तो खाली उतरला.

"या मिस्त्री, या," बांधावरून आवाज आला. प्लास्टिकच्या खुर्चीत उकंडराव बसले होते. मशीन त्यांची, नाला खोल करायचं कामही त्यांचंच. मांडीवर वर्तमानपत्र पसरून ते टरबूज खात होते. रस हनुवटीवरून ओघळून पांढऱ्या शर्टावर पडत होता. "पाइप फुटला ना बाप्पा. बूम धाडकन् खाली आली. खाली कडूबा चेन सोडवून राह्यला होता. पाय गेला गरिबाचा. नशीब म्हणायचं, दुसरं काय?"

बूम म्हणजे पोकलेनचा मोठा हात. तेलाच्या जोरावर तो उचलला जातो. तेलाचा पाइप फुटला की तो आपल्या वजनाने खाली येऊ शकतो. असं घडतं, हे प्रसेनजितला ठाऊक होतं.

"कडूबा कोठी हाय आता?" त्याने विचारलं.

"अकोल्याले. मांडीपासून कापला पाय. बनाबाई, त्याची बायको, तिथीच हाय." उकंडरावांनी बी थुंकली. "तुम्ही पाइप बदलून द्या. अन् उन्हं उतरल्यावर ठाण्याचे जमादार साहेब येऊन राह्यले, त्यांच्यासमोर तेवढं सांगजा. पाइप फुटला, बूम पडली. कंपनीच्या माणसानं सांगितलं म्हणजे विषय संपला. त्याईले मशीनीतलं काय कयते?"

प्रसेनजितने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

तो राबडा चुकवत मशीनपाशी गेला. फुटलेला पाइप बूमच्या बुडाशी, मशीन ज्यावर चालते त्या उजव्या बाजूच्या लोखंडी साखळीच्या वर लोंबत होता. त्याने तो हातात घेतला आणि त्याचा अंगठा पाइपच्या टोकावरून फिरता फिरता थांबला.

फुटलेले पाइप त्याने आयुष्यात शेकड्याने पाहिले होते. आतला दाब फोडून बाहेर येतो तेव्हा रबर फुलासारखं उलटतं. आतली तारेची जाळी पिंजारते, हाताला टोचते. हा पाइप दोन्ही टोकांना सपाट होता. रबरावर बारीक आडवे चरे होते, आणि तारा एका पातळीत, चकचकीत तुटलेल्या. लोखंड कापायच्या आरीचे दात कसे उमटतात हे ओळखायला मिस्त्री असायचीही गरज नव्हती.

त्याने मान वर करून केबिनची काच पाहिली. गरम तेलाने भरलेला पाइप भर कामात फुटला असता तर ती काच, हा सगळा पत्रा, आजूबाजूची माती तेलाने न्हाली असती. काचेवर नुसती धूळ होती. तेल फक्त कापलेल्या टोकाखाली, साखळीवर निथळलं होतं. गाईच्या आचळातून थेंब गळावेत तसं, निवांत.

मग त्याने साखळीकडे पाहिलं. लोखंडाच्या पट्ट्यांवर काळपट तांबडा थर होता. अपघात झाल्यावर कडूबाला इथेच, मशीनच्या सावलीत आणून टाकलं असणार, जीप येईपर्यंत. त्याचं रक्त तिथे वाळलं होतं. त्याला तडे जाऊन पापुद्रे सुटले होते आणि तेल त्या पापुद्र्यांवरून वाहून गेलं होतं. तेल वर, रक्त खाली.

प्रसेनजित ते बघत उकिडवा बसून राहिला. पाइप आधी फुटला असता तर तेल खाली असतं आणि रक्त वर. म्हणजे माणसाला इथून नेलं, रक्त वाळलं, आणि मग कुणीतरी आरी घेऊन इथे आलं. ज्या जागी कडूबा विव्हळत पडला होता बरोबर त्याच जागी पाय रोवून, वाकून, घासून घासून त्याने हा पाइप कापला. तारेची जाळी कापायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याच्या नाकाखाली ते रक्त होतं.

साखळीवर माश्यांचा थर बसला होता. त्याने हात हलवला तशा त्या उठल्या, भणभणत बांधाकडे गेल्या आणि त्यांतल्या दोन-चार उकंडरावांच्या टरबुजावर जाऊन बसल्या.

"घ्या ना मिस्त्री एक फोड," उकंडराव म्हणाले. "उन्हात बरं वाटन."

प्रसेनजितच्या तोंडात आंबट पाणी आलं. तो मशीनच्या मागे गेला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकला. ओकारी आली नाही. नुसतीच घशाशी येऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली.

आता प्रश्न असा होता, की पाइप नंतर कापला तर बूम खाली आली कशाने?

केबिनचं दार उघडताच दुसऱ्या जातीचा वास अंगावर आला. पायाखाली तंबाखूचा खर्रा थुंकून थुंकून रबराची चटई लाल दगडासारखी झाली होती. सीटमागे कोंबडीची हाडं, शिळ्या पोळ्या, फाटक्या पिशव्या. या घाणीवर उंदीर पोसले गेले होते. सीट उचलली तर खाली फोम आणि कागदाच्या चिंध्यांचं घरटं, त्यात वाळून कडक झालेला एक उंदीर, आणि सगळ्या वायरिंगवर लेंड्या. लाखोंची मशीन घ्यायची आणि माणसाला दिवसभर असल्या उकिरड्यात बसवायचं, याची त्याला नेहमीच किळस यायची. आज ती किळस वेगळी ओळखू येत नव्हती. सगळं एकच झालं होतं.

त्याने मीटर काढला. पोकलेनच्या सीटच्या डाव्या बाजूला एक लाल दांडा असतो. उतरताना ऑपरेटरने तो वर करायचा. दांडा वर झाला की त्याच्याखालचं बटण वीज तोडतं, वीज तुटली की एक छोटा व्हॉल्व बंद होतो, आणि मग हातातले लिवर कितीही हलवले तरी मशीन ढिम्म हलत नाही. माणसाचा जीव त्या एका बटणावर असतो.

त्या बटणाकडे जाणारी वायर उंदरांनी कुरतडली होती. तांबं उघडं पडलं होतं. हादरा बसला की चिकटायचं, हादरा बसला की सुटायचं. म्हणजे काही दिवस मशीन काम करता करता मध्येच गप्प होत असणार: इंजिन चालू, पण काहीच हलत नाही. दोष साधा होता. वायरचा तुकडा बदलायचा, घरटं काढायचं, तासाभराचं काम.

पण ते कुणी केलं नव्हतं. फ्यूजच्या डब्यातून एक निळी वायर थेट त्या व्हॉल्वला नेऊन जोडली होती. बटण, दांडा, सगळ्याला बगल देऊन. किल्ली फिरवली की व्हॉल्व चालू, मग दांडा वर असो की खाली. लाल दांडा आता नुसता शोभेचा होता.

प्रसेनजितने टॉर्च जवळ नेला. वायरचा सांधा तीन पेडांत पिळलेला होता, वर काळी टेप, आणि टेपच्या शेवटी सुतळीची बारीक गाठ, उन्हाने टेप सुटू नये म्हणून. ही गाठ चिखलीत एकच माणूस मारायचा. प्रसेनजितलाही त्यानेच शिकवली होती.

शंकरराव उस्ताद. बाप वारला तेव्हा प्रसेनजितला शाळेतून ओढून ज्याने आपल्या गॅरेजात उभं केलं, पाना कसा धरायचा, तेलाचा वास घेऊन पंप जळतोय की नाही हे कसं ओळखायचं, हे ज्याने शिकवलं, तो माणूस. त्याची बायको अन्नपूर्णाबाई त्याला पोराच्या पंगतीला बसवायची.

त्याने टॉर्च विझवला आणि त्या उंदराच्या वासात तसाच बसून राहिला.

"भाऊ," खालून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. देवानंद होता, मशीनचा ऑपरेटर. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो मशीनपासून दूर, साखळीकडे पाठ करून उभा होता. "पाणी आणलं तुमच्यासाठी."

प्रसेनजित खाली उतरला, पाणी प्याला. उकंडराव खुर्चीत मान टाकून घोरत होते. त्याने देवानंदला व्हॅनच्या पलीकडे नेलं.

"खरं खरं सांग. काय झालं होतं?"

"पाइप फुटला."

"देवानंद."

देवानंद जमिनीकडे बघत राहिला. मग एकदम सांगू लागला. "सिमेंटचा पाइप बसवला होता भाऊ. कडूबादादा चेन सोडवत होता. पाइप लेव्हलमधी हाय का नाई, हे पाहाले मी उतरून राह्यलो होतो. दुपट्टा अडकला लिवरमधी. बूम खाली गेली. मी पायलं तवा दादा..." तो थांबला. "माह्याच हातानं झालं. मी दांडा वर केलाच नसन."

"नसन म्हणजे? केला का नाई?"

"मले तं आठवते केला. रोज करतो. हात आपोआप जाते. पण मालक म्हणते, केला असता तं बूम पडली असती का? बराबर हाय ना त्यायचं. ते म्हणे, तुले जेल होईन, तुह्यी लेकरं उघडी पडतीन, म्हणून मी पाइपाचं सांगून राह्यलो. तू फक्त तोंड बंद ठेव. सांजच्याले शंकर उस्तादले घेऊन आले अन् मले घरी धाडलं." त्याने डोळे पुसले. "मले झोप लागत नाई भाऊ. डोये मिटले का दांडा दिसते. कधी वर दिसते, कधी खाली."

प्रसेनजितला वाटलं होतं की या दिवसातली सगळ्यात घाण गोष्ट त्याने साखळीवर पाहिली. ती ही होती. या माणसाला स्वतःच्याच हातावर विश्वास उरू दिला नव्हता, आणि वर उपकाराचं ओझं लादलं होतं.

"इथून हलू नको," तो म्हणाला.

त्याने नवा पाइप बसवला. तेल भरलं. निळी वायर जशी होती तशीच राहू दिली. मग त्याने देवानंदला आणून बांधावर, अशा जागी उभं केलं जिथून केबिनमधलं स्पष्ट दिसावं, आणि बकेटच्या आसपास कुणी नाही याची खात्री करून इंजिन सुरू केलं. धूर ओकून मशीन थरथरली. त्या आवाजाने उकंडराव जागे झाले.

प्रसेनजितने लाल दांडा धरला, देवानंदला दिसेल असा, आणि वर केला. पूर्ण वर, खटकन् आवाज येईपर्यंत. दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. मग एका बोटाने लिवरला नुसता धक्का दिला.

बूम उचलली गेली.

त्याने पुन्हा दांडा खाली-वर केला, पुन्हा बोट लावलं. बूम खाली आली, वर गेली. दांडा वर, आणि मशीन चालतेय.

देवानंद बांधावर मटकन् बसला. तोंडावर दुपट्टा दाबून तो रडत होता, पण आवाज इंजिनात बुडून गेला.

उकंडराव मात्र काही न समजलेल्या माणसासारखे उठून आले. "चालू झाली? वा, भारी काम केलं मिस्त्री. पण दांड्याचं काय खेयत होते तुम्ही?"

प्रसेनजितने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. "पाइप आरीनं कापेल हाय. अन् लॉकची वायर डायरेक्ट हाय. जमादार साहेबाले मी हेच सांगणार."

उकंडरावांनी हनुवटी पुसली. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. उलट त्यावर एक आपुलकी पसरली.

"पाह्य बाप्पा," ते म्हणाले, "वायर कोणं जोडली, पाइप कोणं कापला, तुले ओयखू आलं असन. आता तू जमादाराले सांगितलं तं पयले बेड्या कोणाले पडतीन? मले? मले मशीनीतलं ओ का ठो कयत नाई. म्हाताऱ्याले पडतीन. तुह्या उस्तादले." त्यांनी फोन काढला. "थांब, त्यालेच बोलावतो. तोच सांगन तुले."

उस्ताद आले ते उकंडरावांच्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून. गाडीवरून उतरताना त्यांनी जमिनीला पाय लावून अंदाज घेतला. जाड भिंगामागचे डोळे दुधाळ झाले होते. वर्षभरात प्रसेनजितने त्यांना पाहिलं नव्हतं. माणूस अर्धा झाला होता. एरवी त्याने पायाला हात लावला असता. आज त्याचे हात मागेच राहिले.

"प्रसेन," ते म्हणाले, "कसा हायेस बाबा?"

"ती वायर तुमची हाय?"

"मशीन घडी घडी बंद पडत होती. दिवसातून चार बार फोन. मी म्हटलं वायरिंग खोलावं लागते. तं हे म्हणे, आजचा दिवस काढून द्या, उद्या खोलू. मले त्या सीटखालचं काई दिसत नव्हतं रे. डोयाच राह्यला नाई. डायरेक्ट देली. म्हटलं, दोन दिवसांनी येऊन काढीन. ह्याईनं मशीन सोडलीच नाई."

हे प्रसेनजितला समजत होतं. डायरेक्ट दिलेल्या वायरी त्याने जिल्हाभर पाहिल्या होत्या. मालकाची घाई आणि मिस्त्रीचा आळस त्यांच्यात एकत्र पिळलेला असतो. वाईट होतं, पण माणसाच्या हातून होण्यासारखं होतं.

"अन् पाइप?"

उस्तादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"पाइप कोणं कापला उस्ताद?"

"म्या."

"खाली रक्त होतं."

"अंधारून आलं होतं. मले दिसलं नाई."

"वास तं आला असन. तेलाचा वास घेऊन पंपाचं दुखणं सांगता तुम्ही. मलेही तुम्हीच शिकवलं."

"हे म्हणे, देवानंद वाचन. लेकराबाळाचा माणूस हाय."

"देवानंद कशातून वाचन? त्यानं दांडा वर केला होता. तुम्हाले ठाऊक होतं दांड्यानं काई होत नाई म्हणून. तुमच्याशिवाय कोणालेच ठाऊक नव्हतं. त्याले काऊन नाई सांगितलं? तो येडा होऊन राह्यला घरी."

उस्ताद चष्मा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. देवानंद चार पावलांवर उभा होता. तो उस्तादांकडे एकटक पाहत होता. शिवी दिली असती तर बरं, असं ते पाहणं होतं.

"प्रसेन," उस्ताद शेवटी म्हणाले, "तुह्या हातानं ती वायर काढून टाक. दहा मिन्टाचं काम हाय. तुह्या काकूले हे सहन नाई होणार."

काकू म्हणजे अन्नपूर्णाबाई. प्रसेनजितला त्यांच्या चुलीपुढची ती पंगत आठवली, आणि त्या आठवणीलाही तेलाचा आणि रक्ताचा वास चिकटला. म्हाताऱ्याने कधीकाळी घातलेला तो घास असा बाहेर काढून दाखवावा, याची त्याला इतकी शिसारी आली की त्याने तोंड फिरवलं.

"मी हात नाई लावणार," तो म्हणाला. "कोणालेच लावू देणार नाई."

तो केबिनच्या पायरीवर जाऊन बसला. खाली साखळीवर माश्या पुन्हा जमल्या होत्या. उकंडराव फोनवर कुणाकुणाला धरत होते, मध्येच त्याच्याकडे पाहून हसत होते. एकदा ते जवळ येऊन हळूच म्हणाले, की तुझ्या सर्व्हिस सेंटरच्या साहेबांना मी ओळखतो. प्रसेनजित म्हणाला, "ओयखा."

जमादार आले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. जाडजूड, शांत माणूस. नाकाला रुमाल लावून तो उतारावरून आला आणि आधी डुकराकडे पाहून त्याने सरपंचाला शिवी दिली. उकंडराव पुढे धावले. "साहेब, पाइप बदलला. हे कंपनीचे मिस्त्री, सांगतीन तुम्हाले."

"सांगा," जमादार म्हणाले.

"सांगत नाई. दाखवतो," प्रसेनजित म्हणाला. "तुम्ही सोता वर या."

त्याने जमादारांना सीटवर बसवलं. ते नाक मुरडत, थुंकीवर पाय पडणार नाही असं बघत बसले. त्याने त्यांच्याच हाताने लाल दांडा वर करायला लावला, त्यांच्याच बोटाने लिवर हलवायला लावला. बूम उचलली गेली तशी जमादारांनी हात झटकून मागे घेतला. मग त्याने सीटखालची निळी वायर दाखवली. ती फ्यूजमधून काढली, आणि कुरतडलेल्या वायरचं तांबं नवीन तुकड्याने जोडून तेच पुन्हा करायला सांगितलं. दांडा वर, लिवर कितीही हलवला तरी मशीन मेल्यासारखी. दांडा खाली, बूम उचलली गेली.

जमादार बराच वेळ त्या दांड्याकडे बघत राहिले. "म्हणजे ऑपरेटरची चूक नाई."

"नाई."

"अन् पाइप?"

प्रसेनजितने जुन्या पाइपाची टोकं त्यांच्या हातात दिली, मग साखळीपाशी नेलं आणि तेल कुठे आहे, रक्त कुठे आहे ते दाखवलं. जमादार वाकले, आणि पटकन उभे राहिले. तोंडावर रुमाल धरून ते दूर जाऊन थुंकले. परत आले तेव्हा आवाज बदललेला होता.

"कोणं कापला?"

उकंडरावांनी उस्तादांकडे पाहिलं. प्रसेनजितने पाहिलं नाही. आपल्या तोंडून ते नाव निघावं की न निघावं, हे त्याचं ठरलं नव्हतं. सगळा धीर त्याने वायर दाखवण्यात संपवला होता.

"म्या कापला," उस्ताद म्हणाले. "मालकानं सांगितलं अन् म्या कापला. वायरही माहीच हाय."

"मी कायले सांगतो?" उकंडराव उसळले. "म्हातारा बुढाप्यात काहीबी बरयते साहेब."

"तुम्ही सांगितलं," देवानंद म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "मले घरी धाडताना उस्तादाच्या हातात आरी तुम्हीच देली होती. म्या पायलं. अन् दांडा वर होता साहेब. म्या दांडा वर केला होता. लिहून घ्या."

पुढे जे व्हायचं ते झालं. मशीन जप्त झाली. उकंडरावांना अटक झाली आणि ते लवकरच जामिनावर सुटले. त्यांच्या दुसऱ्या मशीनी आजही नाल्यांत चालतात, त्यांतले दांडे चालतात की नाही हे प्रसेनजितला कळायला मार्ग नाही, कारण त्याला तिकडे कुणी बोलावत नाही. खटला रेंगाळतोय. देवानंदचं नाव आरोपींत आलं नाही. तो आता हिवरा आश्रमाकडे दुसऱ्याच्या मशीनवर आहे. रुजू व्हायच्या आधी त्याने प्रसेनजितला नेऊन त्या मशीनचा दांडा तपासून घेतला.

प्रसेनजित अकोल्याला जाऊन कडूबाला भेटला. कडूबाने सगळं ऐकून घेतलं आणि पाय नसलेल्या बाजूची चादर सारखी करत एवढंच विचारलं, "म्हणजे देवानंदानं दांडा वर केला होता?" हो म्हटल्यावर तो बनाबाईला म्हणाला, "मंग त्याले सांग, ये म्हणा भेटाले. उगा मी मनात धरून बसलो." बाकी कुणाबद्दल तो बोलला नाही.

उस्तादांवरही खटला आहे, वयामुळे तेही बाहेर आहेत. चिखलीत काही लोक म्हणतात, चेल्याने गुरूला फासावर चढवलं. बुद्धविहारात एकदोघांनी प्रसेनजितशी बोलणं टाकलं. त्याची बायको धम्मशीला दोनदा म्हणाली, "एकदा जाऊन या त्यांच्याकडे. माणूस खचला म्हणतात." तो जाईन म्हणाला, आणि गेला नाही.

मग दिवाळीच्या आसपास उस्ताद स्वतःच सर्व्हिस सेंटरवर आले. हातात कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, होता, फडक्यात गुंडाळलेला. "वायंडिंगमधी तार कोठी तुटली ते दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले. "तू पायतं का?"

प्रसेनजितने तो खोलला. तुटलेली तार शोधली, सांधली, तपासून दिली. उस्ताद समोर उभे होते; त्याने बसा म्हटलं नाही, चहा सांगितला नाही. मनात राग शोधला तर सापडत नव्हता, कीव शोधली तर तीही नाही. जुन्या रबराच्या त्या सपाट, सफाईने कापलेल्या टोकाचा स्पर्श मात्र अंगठ्याला अजून आठवत होता, आणि समोरचे म्हातारे हात पाहून पोटात तेच आंबट पाणी सुटत होतं.

"झालं," तो म्हणाला आणि सेल्फ पुढे सरकवला.

उस्तादांनी तो फडक्यात बांधला. दारापर्यंत जाऊन ते वळले. काहीतरी बोलायला त्यांचे ओठ हलले, पण मागे कंप्रेसर सुरू झाला. प्रसेनजितने ते काय म्हणाले म्हणून विचारलं नाही. ते भिंतीला हात लावत रस्त्यावर उतरले, आणि तो साबण घेऊन नळाकडे गेला.